दोन टक्के आणि नवापूरचा समुद्र

कंपनी कायद्याच्या १३५व्या कलमाने सीएसआर, म्हणजे उद्योगांचा सामाजिक दायित्वाचा खर्च, बंधनकारक केला, त्याला आता दशक उलटून गेले. ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के समाजासाठी खर्च करायचे. त्या पैशातून गावोगाव शाळाखोल्या उभ्या राहिल्या, रुग्णवाहिका आल्या. ते चांगलेच झाले. पण नफा खर्च कसा केला यावरूनच उद्योगाची जबाबदारी जोखली, तर तो कमावला कसा हा प्रश्न मागे पडतो. पालघर जिल्ह्यातल्या तारापूर औद्योगिक वसाहतीत नेमके हेच दिसते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशातले सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. इथल्या रसायन, औषध, कापड कारखान्यांचे सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रात जाते आणि तिथून वाहिनीने नवापूरच्या समुद्रात. केंद्राची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर असताना वर्षानुवर्षे त्याहून जास्त पाणी येत राहिले. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांची मासळी गेली, तेव्हा २०१६ मध्ये त्यांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घ्यावी लागली. ज्यांचे पोट मारले गेले त्यांनीच वकील लावायचा आणि तारखांना हजर राहायचे, हे संताप आणणारे आहे.

वसाहतीतले बरेच कारखाने लहान आहेत, सीएसआरच्या कक्षेत ते येतच नाहीत. अशा कारखान्यांकडून कच्चा माल घेणाऱ्या बड्या कंपनीच्या अहवालात मात्र झाडे, शाळा, आरोग्य शिबिरे असतात. पुरवठादाराच्या गटारात काय वाहते त्याची नोंद नसते. भांडवल बाजाराची नियामक असलेल्या सेबीने २०२२-२३पासून पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला, हे योग्य पाऊल होते. पण त्यातला पुरवठा साखळीचा भाग पुढे ढकलून अखेर ऐच्छिक करण्यात आला. घाण जिथे तयार होते, नेमकी तीच जागा त्यामुळे मोकळी सुटली.

हा भाग सक्तीचा व्हायला हवा. खरेदी खात्याने पुरवठादाराकडे मालाच्या दरपत्रकासोबत सांडपाण्याचा तपासणी अहवालही मागावा. आणि दर पाडून घेताना प्रक्रियेचा खर्च त्यात धरला आहे की नाही, हेही पाहावे. तो धरला नाही, तर लहान कारखानदार रात्री टँकर नाल्यात रिकामा करण्याच्या मोहात पडतो. प्रक्रियेसाठी हाती पैसा हवा, तर बिलही वेळेवर मिळायला हवे. लघुउद्योगांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे असा कायदा २००६पासून आहे. त्याच्या पालनाचा तपशील संचालक मंडळाने सीएसआरच्या आकड्यांशेजारीच छापावा. नवापूरच्या मच्छीमारांना शाळेच्या रंगवलेल्या भिंतीपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.