गृहव्यवस्था : स्नानाचें पाणी आणि घराचा श्वास

वैराग हें सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यांतील बाजाराचें गांव. येथील जुनीं घरें माळवदाचीं. जाड भिंती, लांकडी तुळयांवर मातीचें छत, आणि त्या छतांत उजेड येण्याकरितां व धूर जाण्याकरितां ठेवलेलें सवणें. न्हाणी बहुधा परसांत असे व तेथेंच तांब्याचा बंब पेटे. धुरानें डोळे चुरचुरत हें खरें. पण तो धूर आकाशास मिळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला व दगडमातीच्या जड घरांखालीं हजारों माणसें गाडलीं गेलीं. तेव्हांपासून या साऱ्या टापूंत माळवदाची धास्ती बसली. आतां नवीं घरें सिमेंटच्या छताचीं किंवा पत्र्याचीं होतात. कारखान्यांत तयार होऊन मालमोटारीवरून आणून बसवलेलीं घरेंहि मिळतात. या घरांत न्हाणी आंत आली, दारें घट्ट बसूं लागलीं, आणि सवणें मात्र नाहींसें झालें.

अशा घरांत मार्गशीर्ष-पौषाची थंडी आली कीं प्रश्न पडतो, पाणी तापवावें कशावर? दुकानदार किंमत सांगतो, शेजारी आपला अनुभव सांगतो. आमच्या मतें पहिला प्रश्न निराळाच आहे. ज्या साधनांत कांहीं जळतें, तें साधन हवा कोठून घेणार आणि जळलेली हवा कोठें सोडणार? याचें उत्तर मिळाल्यावांचून किंमत विचारूंच नये.

खर्चाचा हिशेब फारसा कठीण नाहीं. दहा माणसांच्या कुटुंबांत प्रत्येकीं १५ लिटर पाणी धरलें व तें २० अंशांनीं तापवावयाचें म्हटलें, तर विजेचे सुमारें साडेतीन युनिट लागतात. टांकीच्या बाजूंनीं जी उष्णता निघून जाते ती वेगळी. तेंच काम गॅसवर सुमारें ३५० ग्रॅमांत होतें, म्हणजे १४.२ किलोंची टांकी चाळीसएक दिवस पुरते. बंबाला अडीच-तीन किलो वाळलेलें सरपण हवें. हे आंकडे पाहून पुष्कळ कुटुंबांस गॅसचा गीझर सोयीचा वाटतो, आणि जागा वांचावी म्हणून तो न्हाणीच्याच भिंतीवर बसवला जातो. खरा धोका येथेंच आहे.

एक किलो गॅस पुरता जळण्यास सुमारें १२ ते १३ घनमीटर हवा लागते. चार-पांच घनमीटरांच्या बंद न्हाणींत गीझर चालूं लागला, कीं थोड्याच मिनिटांत तेथील प्राणवायु कमी होऊं लागतो. मग गॅस अर्धवट जळतो व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. स्वयंपाकाच्या गॅसमध्यें गळती कळावी म्हणून मुद्दाम दुर्गंध मिसळलेला असतो. त्यामुळें वास नाहीं म्हणजे भय नाहीं असा समज होतो, आणि तोच घात करतो. हा वायु रक्तांतील हिमोग्लोबिनाशीं प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्टपणें जोडला जातो. डोकें दुखतें, चक्कर येते, मळमळतें, पायांतील शक्ति जाते; आणि कडी उघडावी असें मनांत आलें तरी हात उचलत नाहीं.

आतां एकत्र कुटुंबाची रीत ध्यानांत घ्यावी. स्नानें ओळीनें होतात. पहिल्या माणसास न्हाणींतील हवा ताजी मिळते. प्रत्येक स्नानागणिक ती बिघडत जाते. सर्वांत शेवटीं जाणारी बहुधा घरची सून असते, कारण सर्वांचें आटोपून तिला फुरसत मिळते. म्हणजे जिनें सर्वांसाठीं पाणी तापवलें, तिच्याच वांट्याला सर्वांत वाईट हवा येते. हा विचार कोणी मुद्दाम टाळतो असें आम्ही म्हणत नाहीं. पण साधन निवडतांना तो कोणी करीतहि नाहीं.

अमेरिकेंत कारखान्यांत तयार होणाऱ्या घरांसाठीं १९७६ सालीं देशभर लागू असे नियम झाले. त्यांत एक दंडक आहे: स्वयंपाकाची चूल वगळून, इंधन जाळणाऱ्या भट्टीची वा पाणी तापवण्याच्या साधनाची ज्वलनाची जागा राहत्या घराच्या हवेपासून पूर्णपणें अलग असावी. हवा बाहेरून यावी, धूर बाहेरच जावा. लहान व घट्ट घरास हें तत्त्व वैरागांतहि तितकेंच लागू आहे.

यावरून निवड अशी करावी. गॅसचा गीझर घ्यावयाचाच असेल, तर तो न्हाणीच्या बाहेर, उघड्या पण आडोशाच्या जागीं बसवावा व आंत फक्त गरम पाण्याची नळी आणावी. विजेच्या गीझरांत ज्वलन नाहीं, म्हणून हवेचा प्रश्न नाहीं. पण पत्र्याच्या घरांत एखादी तार उघडी पडली तर सारी भिंतच विजेनें भारली जाते. म्हणून जमिनीशीं नीट जोडलेली तार, आणि गळती होतांच प्रवाह तोडणारा स्विच, हीं दोन्ही हवींतच. सूर्याच्या उष्णतेवरील साधन या पर्जन्यछायेच्या मुलुखास फार योग्य. मात्र २०० लिटरांच्या टांकीत नुसतें पाणीच २०० किलो भरतें. तो भार पत्र्यावर किंवा जुन्या माळवदावर घालूं नये, स्वतंत्र लोखंडी सांगाडा उभारावा. कूपनलिकेचें पाणी क्षारयुक्त असल्यास नळ्या वेळच्या वेळीं साफ कराव्या. बंब असल्यास तो परसांतच शोभतो. निखाऱ्यांची शेगडी बंद खोलींत ठेवून निजणें मात्र कटाक्षानें टाळावें.

न्हाणींत कोणी बेशुद्ध आढळल्यास दार उघडावें, गॅस बंद करावा, माणसास मोकळ्या हवेंत आणावें व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. यासाठीं कडीहि बाहेरून उघडतां येईल अशी असावी.

हें सारें गवंडी घरीं येण्यापूर्वींच ठरवावें. भिंत उभी राहिल्यावर भोंक पाडणें जिवावर येतें. शेवटीं स्नान करणारीस पहिल्याइतकीच स्वच्छ हवा मिळते कीं नाहीं, या एकाच कसोटीवर साधनाची पारख करावी.