भंगार कुणाला म्हणायचं?

आमच्या पुतण्यानं अपघातात चेपलेल्या एका हायब्रिड गाडीतला इन्व्हर्टर विकत आणून मळ्यातल्या घराच्या पडवीत ठेवला. मळ्यात विजेचा भरवसा नाही. सोलरवर दिवे, फ्रिज नि छोटी मोटर चालवावी हा त्याचा बेत. भाऊजी कडाडले, "भंगार घरात नको. नवा घे!" महिला मंडळात मी विषय काढला, तर एक बाई हसून म्हणाल्या, "अहो, तुम्ही आर्ट्सवाल्या. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

कळतं की! घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वीस वर्षं मीच घालतेय. हा गाडीतला त्याचाच थोरला भाऊ. प्रियस गाडीचं उदाहरण घ्या. दुसऱ्या पिढीच्या प्रियसची बॅटरी सुमारे 200 व्होल्टची. तिची वीज 500 व्होल्टपर्यंत चढवून इन्व्हर्टर 50 किलोवॅटची मोटर फिरवतो. आपल्या घरच्या 230 व्होल्टच्या लाटेचा माथा साधारण 325 व्होल्टचा. म्हणजे ताकद हवी त्याहून कितीतरी जास्त. फक्त चाकाच्या वेगाबरोबर बदलणारी लाट 50 हर्ट्झवर स्थिर करायची आणि फिल्टर बसवून गुळगुळीत करायची.

मग अडतं कुठे? मेंदूपाशी. गाडीचा कॉम्प्युटर समोर नसेल तर इन्व्हर्टर हूं की चूं करत नाही. पुतण्या सर्व्हिस सेंटरला गेला. उत्तर मिळालं, "गाडी घेऊन या." गाडीच चेपलीय, आणू कुठून? प्रियसच्या बाबतीत आयर्लंडच्या डेमियन मॅग्वायरनं आतला मूळ बोर्ड काढून स्वतःचा बसवला नि त्याचा आराखडा सगळ्यांना खुला केला. ते काम मुख्यतः जुन्या गाड्या विजेवर चालवण्यासाठी. पण त्यातून दिसलं ते हे, की यंत्र धडधाकट असतं, कुलूप कंपनीनं घातलेलं असतं. चांगल्या वस्तूला भंगार करतं ते हे कुलूप.

भाऊजींची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. बॅटरी तोडल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज काही मिनिटं टिकते. उघडण्याआधी थांबायचं, मीटरनं तपासायचं, आणि हे काम जाणकारानंच करायचं. लाइनची वीजही घरात असेल तर चेंजओव्हर स्विच हवाच. नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. मुंगीला जपणाऱ्या घरानं हे आधी शिकावं. पण धोका आहे म्हणून माहिती दडवायची, की धोका आहे म्हणूनच उघड करायची?

2022 साली केंद्र सरकारनं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत गाड्याही आहेत. माझं म्हणणं एवढंच, की गाडी मोडीत निघाली की तिच्या सुट्या भागांच्या जोडणीची माहिती कंपनीनं द्यावी. आपल्याच कर्नाटकात, बिडदीला, आज हायब्रिड गाड्या बनताहेत. उद्या त्या मोडीत निघतील तेव्हा हातोडा आणि भट्टी एवढंच त्यांच्या नशिबी का असावं?

आणि बायांनो, थोडं आपल्याबद्दल. दशलक्षणात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी आपण माना डोलावतो, नि दिवाळीला चालू मिक्सर देऊन नवा आणतो. अपरिग्रह म्हणजे केवळ कपाट रिकामं करणं नव्हे. आहे त्याचा जीव संपेपर्यंत वापर करणं, हाही अपरिग्रहच. पाणी गाळल्यावर आपल्या आज्या गाळण्यातली जिवाणी फेकत नसत, परत त्याच विहिरीत सोडत. उरलेल्याचीही जबाबदारी आपली, हे त्यांना शाळेत न जाता कळत होतं.

पुतण्याचा इन्व्हर्टर अजून पडवीतच आहे, मुका. परवा मी त्यावरची धूळ पुसली. भाऊजींनी पाहिलं, काही बोलले नाहीत.