बरं वाटलं तरी लगेच घरी जाऊ नका

कापूस वेचणीचे दिवस होते. आमच्या लोहाऱ्याच्या दवाखान्यात चाळिशीतल्या एका शेतकऱ्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणले. बांधावरचे आग्या मोहोळ उठले होते. अंगभर गांधी, ओठ सुजलेले, छातीत घरघर, नाडी हाताला लागेना. मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिले, पाय उंच करून निजवले, सलाईन लावले. वीस मिनिटांत गडी बोलू लागला.

तासाभराने म्हणतो, "डाक्टरसाहेब, आता बरं वाटते. कायले थांबू? बैल बांधाचे हायेत."

रात्रभर यवतमाळला राहा, असे मी सांगितले खरे. पण बाहेर गर्दी होती, सांगण्यात जोर नव्हता. तो गेला. रात्री साडेदहाला पुन्हा आणला. तीच घरघर, तीच सूज. माशी मात्र पुन्हा चावली नव्हती. दुसरे इंजेक्शन देऊन १०८ च्या गाडीने यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात पाठवला, म्हणून वाचला. ती चूक मी माझ्याच नावावर धरतो.

तीव्र ॲलर्जीचा असा दुसरा झटका शंभरात साधारण चार-पाच जणांना येतो. बहुधा पहिल्या बारा तासांत, क्वचित तीन दिवसांपर्यंतही. कारण मधमाशी असो, पेनिसिलीन असो वा शेंगदाणा. ॲड्रेनॅलिन जीव वाचवते, पण त्याचा अंमल थोडाच वेळ टिकतो. ज्यांना ते उशिरा मिळाले किंवा एकाहून जास्त वेळा द्यावे लागले, त्यांना धोका अधिक. ॲव्हिल, डेक्सोना आम्ही देतो. पण त्यांनी दुसरा झटका टळतो असा भरवशाचा पुरावा नाही. "दोन्ही सुया टोचल्या, आता काय होते" या समजुतीत डॉक्टर मंडळीही असतात.

त्रास सौम्य असेल, एकाच इंजेक्शनात पूर्ण थांबला असेल आणि दवाखाना जवळ असेल, तर दोन-तीन तासांनी सोडता येते. पण श्वास अडकला होता, चक्कर येऊन पडला होता, किंवा घर आडवळणाच्या पोडावर आहे, त्याने रात्र दवाखान्यातच काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घरी गेल्यावर गांधी, उलटी, आवाज बसणे, दम यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रुग्णाला चालवू नये, आडवे ठेवावे. दम लागत असेल तर टेकून बसवावे आणि १०८ ला फोन करावा.

बैल शेजाऱ्यांनी बांधावेत.