घड तपासला, हात कोण तपासणार?

ऑक्टोबर छाटणी झाली की निफाड, दिंडोरी, चांदवडच्या द्राक्षबागांत काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावली जाते. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हे रसायन लागते. ते कातडी भाजते, डोळ्यांना इजा करते आणि शरीरात गेल्यास मद्य पचवणाऱ्या क्रियेतील एक विकर रोखून धरते. त्यामुळे दिवसभर पेस्ट लावून संध्याकाळी थोडी दारू घेतलेल्या मजुराचा चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, श्वास लागतो, रक्तदाब घसरतो. बघणाऱ्याला वाटते, दारू चढली.

याच बागेतून युरोपला जाणाऱ्या घडाची तपासणी मात्र अत्यंत काटेकोर असते. 2010 मध्ये क्लोरमेक्वाटच्या अंशांमुळे निर्यातदारांचे कंटेनर अडकले आणि बागाईतदारांनी मोठा फटका सोसला. आज ग्रेपनेटमुळे पेटीतला घड कोणत्या प्लॉटमधला, हे सांगता येते. त्यातील औषधाचे अंश किलोमागे मिलिग्रॅमच्या अपूर्णांकात मोजले जातात. ते औषध फवारणाऱ्याच्या रक्तात काय उतरले, हे मात्र सहसा कोणी मोजत नाही. वास्तविक ऑर्गनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांचा परिणाम कोलिनेस्टरेजच्या साध्या रक्तचाचणीत दिसतो. हंगामाआधी एकदा आणि हंगामात एकदा ती केली, तरी धोका वेळीच कळतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी सामाजिक ऑडिट आले. बागांसाठी ग्लोबलगॅपला जोडलेले ग्रास्प, तर सातपूर, अंबड, सिन्नरसारख्या वसाहतींतील कारखान्यांसाठी एसए 8000 किंवा स्मेटा. वेतन, कामाचे तास, बालमजुरी, सुरक्षा, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह हे सारे बघायला एक ऑडिटर येतो आणि एक-दोन दिवसांत अहवाल देतो. त्याच्या सहीवर परदेशी ग्राहक विश्वास ठेवतो. हा ऑडिटर काय शिकून येतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

कंपनीचे हिशेब तपासायला सनदी लेखापाल लागतो. सोशल स्टॉक एक्स्चेंजवरील संस्थांच्या कामाचे मूल्यमापन करणाऱ्याला एनआयएसएमची परीक्षा द्यावी लागते. धोकादायक कारखान्याचे सुरक्षा ऑडिट करणाऱ्याला राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मान्यता लागते. कामगाराच्या एकूण परिस्थितीवर शिक्का मारणाऱ्यासाठी मात्र सरकारी परवाना नाही. जे निकष आहेत ते खासगी संस्थांचे. एसए 8000 साठी पाच दिवसांचा मूलभूत अभ्यासक्रम असतो. ॲपस्का ही ऑडिटरांची आंतरराष्ट्रीय संघटना टप्प्याटप्प्याने परीक्षा घेते आणि पुढेही शिकत राहण्याची अट घालते. ही चांगली सुरुवात आहे, पण पुरेशी नाही.

का नाही, ते कराचीने दाखवले. 11 सप्टेंबर 2012 रोजी तेथील अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार मेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याचे मार्ग बंद होते. त्या कारखान्याला एसए 8000 प्रमाणपत्र मिळून जेमतेम काही आठवडे झाले होते. गज आणि बंद दार ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. लागते ती प्रशिक्षित नजर, आणि दिसले ते लिहिण्याचे स्वातंत्र्य.

नाशिकमध्ये ही नजर कशी तयार व्हावी? बागांत येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या बहुतांशी पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या आदिवासी तालुक्यांतल्या. मुकादमाच्या समोर विचारलेल्या प्रश्नाला तेथे एकच उत्तर मिळते, सगळे बरे आहे. म्हणून एकट्याशी, त्याच्या बोलीत, सावकाश बोलणे हे ऑडिटरच्या प्रशिक्षणातले पहिले कौशल्य असायला हवे. दुसरे, व्यवसायजन्य आरोग्याचे प्राथमिक ज्ञान. हातमोजे खोलीत टांगलेले आहेत की ते घालून काम होते, पॉवर प्रेसला दोन्ही हातांनी चालणारे नियंत्रण आहे की ते बांधून ठेवले आहे, हे कागदावर दिसत नाही. तिसरे, वेळ. पेस्टिंग आणि फवारणीच्या दिवसांत न येता काढणीच्या वेळी येणाऱ्या ऑडिटरला धोका दिसणारच नाही.

ज्याची तपासणी तोच बहुधा फी भरतो, हा दोष परीक्षेने जाणार नाही. पण सुरक्षा ऑडिटरांप्रमाणे सामाजिक ऑडिटरांचीही नोंदणी राज्याने सुरू केली, त्यासाठी परीक्षा ठेवली आणि खोटा अहवाल देणाऱ्याची नोंदणी रद्द होऊ लागली, तर सहीला वजन येईल. नाशिकमध्येच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. व्यवसायजन्य आरोग्याचा छोटा अभ्यासक्रम आखणे त्याला अवघड नाही.

यावर खर्च होईल, अशी तक्रार लहान बागाईतदार करतील, आणि ती रास्त आहे. तो भार निर्यातदार व खरेदीदार साखळ्यांनी उचलावा. प्रमाणपत्राचा आग्रह त्यांचा असेल, तर ते खरे असावे ही जबाबदारीही त्यांचीच आहे. पेस्ट लावणाऱ्या मजुराला निदान एवढे तरी कोणीतरी सांगायला हवे, की आज घरी गेल्यावर पिऊ नकोस.