नमुना जुळला म्हणजे माल पारखला नव्हे

बाजारातील जुन्या मालाशी साधर्म्य दाखवले की अमेरिकेत कृत्रिम खुब्याला परवाना मिळू शकतो; रुग्णांवर चाचणी लागतेच असे नाही. डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ खुबा याच वाटेने तिथे विकला गेला. धातूवर धातू घासून कोबाल्ट व क्रोमियम रुग्णांच्या रक्तात उतरले. २०१० मध्ये कंपनीने जगभरातून माल परत मागवला. तोवर सुमारे ९३ हजार जणांना तो बसवला होता. भारतातही सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या.

नमुन्यासारखा दिसणारा प्रत्येक नग टिकत नाही, हे आम्ही कारागीर जाणतो. ऐब सांगूनच सौदा करावा, ही आपली शिकवण. शरीरात बसणाऱ्या वस्तूची चाचणी आधी, परवाना नंतर, हाच नियम हवा. वाचकांनीही खुब्याचे बिल व लॉट नंबरची चिठ्ठी जपून ठेवावी.