दोनशे रुपयांत इटली

भाचीला एकटीनं इटली करायची आहे. रोम, सिएना, पादुआ, व्हेनिस. हॉस्टेलमधला पलंग आणि पाठीवर एकच बॅग. शेंगेन व्हिसाची फी 90 युरो, आणि व्हेनिसमध्ये गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसापुरतं नुसतं शिरायचे निदान 5 युरो. "मावशी, म्हणजे पाचशे रुपये गेले आणि अजून पाणीसुद्धा प्यायले नाही!" मी म्हटलं, तू साठव पैसे, तोवर मी दोनशेच्या नोटेत इटली करून येते.

तिला वाटलं थट्टा. पण ती ज्या गावांची नावं घेते, त्याच गावची माणसं सातशे वर्षांपूर्वी आपल्या खाडीकाठी येऊन गेली आहेत, आणि त्यांचा माग काढायला माझ्या भिवंडी तालुक्यातल्या कोनहून व्हिसा लागत नाही. शेअर रिक्षा लागते. सकाळी रिक्षात तिसरी सीट मिळाली. दुर्गाडीच्या पुलावर कोंडी होतीच, त्यामुळे खाडी निवांत बघता आली. कल्याणला थांबले नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक टिपणात या बंदराचं नाव आहे, रोमच्या बाजाराचा माल या किनाऱ्यावरून जायचा, सगळं खरं. पण त्यात माणूस भेटत नाही. मला माणसं हवी होती, ती ठाण्यात. दहा रुपयांचं तिकीट.

1321 साली चार फ्रान्सिस्कन साधू ठाण्याला उतरले. तोलेंतिनोचा तोमासो, पादुआचा जाकोमो, सिएनाचा पिएत्रो आणि सोबत अनेक भाषा जाणणारा, जॉर्जियातल्या तिफ्लिसचा देमेत्रियो. जायचं होतं केरळात कोल्लमला, वाऱ्यानं आणून टाकलं ठाण्यात. फ्रान्सिस्कन म्हणजे पैशाला न शिवण्याचं व्रत घेतलेले. याहून काटकसरी प्रवासी कुठला? एका ख्रिस्ती कुटुंबानं त्यांना घरात घेतलं. एके संध्याकाळी त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्यानं बायकोला बदडलं. बाई मुकाट सोसणारी नव्हती, फिर्याद घेऊन काजीकडे गेली. साक्षीला कोण? घरात उतरलेले पाहुणे! पिएत्रो सामान राखायला मागे थांबला, बाकीचे तिघे काजीपुढे उभे राहिले. तिथं मारहाण राहिली बाजूला आणि वाद धर्मावर गेला. त्या वादापायी चौघांचेही प्राण गेले. बाईची फिर्याद हकिकतीत तिथंच विरून जाते. तलावपाळीला चहा पिताना मला मात्र साधूंपेक्षा तिचाच विचार जास्त येत होता.

एकट्यानं स्वस्तात फिरायचं तर सगळ्यात मोठी बचत मुक्कामाची, हे भाचीचं गणित बरोबर आहे. पण मुक्काम फुकट मिळाला की यजमानाचं अख्खं घर आपल्या वाट्याला येतं, भांडणासकट. हॉस्टेलच्या पलंगाचं भाडं मला त्या दिवसापासून महाग वाटेनासं झालं.

ही हकिकत आपल्याला कळते ती आणखी एका इटालियनामुळे. पोर्देनोनेचा ओदोरिको त्यानंतर लवकरच होर्मुझहून 28 दिवसांत ठाण्याला आला, तोही लोखंडाचा खिळा नसलेल्या, दोरीनं शिवलेल्या जहाजातून. याची नजर मला फार आवडते. ठाण्यात उंदीर कुत्र्यांएवढे आहेत, मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, ते पकडायला कुत्रीच लागतात, असं तो सांगतो. यात अतिशयोक्ती कसली? ज्यानं भिवंडीच्या गोदामात रात्री घूस पाहिली आहे तो ओदोरिकोवर पटकन विश्वास ठेवील. दर घरापुढे खांबाएवढं जाड रोप असतं, पाणी मिळेल तोवर ते सुकत नाही, असंही तो म्हणतो. त्याचं प्रवासवर्णन इंग्रजीत आणणाऱ्या हेन्री यूलला यात तुळस दिसली. मलाही.

मारलेल्या साधूंना सोपाऱ्यात पुरलं होतं. म्हणून ठाण्याहून दिव्याला आले आणि वसईची गाडी धरली. ही गाडी कोपरवरून भिवंडी रोडला येते, म्हणजे एवढं फिरून मी पुन्हा आपल्याच तालुक्यात! पुढे खारबाव, कामण, जूचंद्र. गाड्या मोजक्या, चुकली तर बसा, तेवढं वेळापत्रक पाहून निघावं. नालासोपाऱ्याच्या गर्दीतून वाट काढत तिथल्या बौद्ध स्तूपाशी पोचले. 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो खणला, तेव्हा आत पवित्र अवशेषांची पात्रं मिळाली. साधूंची हाडं मात्र ओदोरिकोनं उकरून काढली आणि तिथून थेट चीनपर्यंत नेली. वाटेत जहाज वाऱ्याविना अडकलं, प्रत्येकानं आपापल्या देवाला हाक मारून झाली, तेव्हा यानं गुपचूप एक हाड समुद्रात टाकायला लावलं आणि वारा सुटला. सामान कमी ठेवा म्हणणाऱ्यांनी या प्रवाशाचं बोचकं बघायला हवं होतं.

वसईच्या किल्ल्यात पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. "ताई, एकट्याच?" एका फोटोग्राफरनं विचारलं. त्याला त्याच्या कमानीतून मी बाजूला व्हायला हवं होतं. लग्नाआधीचे फोटो चालले होते, नवरीचा झगा सात-आठ हात लांब, तो उचलून धरायला धाकटा दीर. नेमक्या याच गावात 1695 साली नेपल्सचा वकील जेमेल्ली कारेरी आला होता. हा माणूस स्वतःच्या हौसेनं, कुठल्या राजाचा वा कंपनीचा माणूस न होता, जगाभोवती फिरला. पैशाची युक्ती साधी होती. एका बंदरात स्वस्त मिळेल तो माल घ्यायचा आणि पुढच्या बंदरात चढ्या भावानं विकायचा. वसईत त्याला इथंच लग्न करून वकिली थाटण्याचा सल्ला मिळाला. चांगलं स्थळ होतं म्हणतात. त्यानं ऐकलं नाही. गोव्यावरून कृष्णाकाठी गलगल्याला जाऊन त्यानं औरंगजेबाची छावणी पाहिली, पुढे चीन, फिलिपिन्स, मेक्सिको करत घरी पोचला आणि सहा खंडांचं पुस्तक लिहिलं.

स्थळ नाकारून जग बघणारा हा पुरुष आपल्याकडे कुणाला खटकत नाही. भाचीबद्दल मात्र शेजारी तिच्या आईला विचारतात, आधी लग्नाचं काय ते बघा ना? मी तिच्या आईला कारेरीचं नाव लिहून दिलं आहे.

सोपारा आणि वसई एका दिवसात करायची तर जेवण वडापाववरच भागवावं लागतं, आणि परतीला कोनची शेअर रिक्षा मिळेपर्यंत नोटेतले जेमतेम सुटे उरतात. कारेरी वसईच्या मुक्कामात कान्हेरीची लेणीही बघून आला होता. ती माझी राहिली. त्यासाठी वेगळा दिवस काढा, आणि सोमवार टाळा, लेणी बंद असतात.