ई-सायकल घ्यायची? आधी चरख्याच्या अटी वाचा

दहावीचा निकाल लागला की बऱ्याच घरांत एक वाद हमखास रंगतो. समजा, घर सेवाग्रामला आणि कॉलेज वर्ध्याला. अंतर साधारण ८ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन १६. साधी सायकल मारायची तर मार्चपासूनच आपल्याकडचं ऊन डोक्यात शिरतं. नेहमीची स्कूटर घ्यायची तर अठरा पूर्ण नाहीत, लायसन्स मिळायचं नाही. मग कोणीतरी म्हणतं, "अहो, बॅटरीवाली सायकल घेऊन द्या ना!" बाबा म्हणतात, "तीस हजारांच्या वर एक रुपयाही नाही."

आता तीस हजारांत काय बघायचं? रंग? डिस्क ब्रेक? मोबाईलवर चालणारं अ‍ॅप? थांबा. आधी एक जुनी गोष्ट ऐका.

१९२९ साली अखिल भारत चरखा संघाने एक बक्षीस जाहीर केलं होतं. बक्षीस किती? एक लाख रुपये! त्या काळचे लाख म्हणजे बघा. काय करायचं होतं, तर गांधीजींना हवा तसा चरखा बनवायचा. अटी मात्र कडक होत्या. चरखा हलका हवा, झोपडीत बसून हाताने किंवा पायाने चालवता यायला हवा, बाईमाणसाला आठ तास चालवूनही फार थकवा यायला नको. किंमत १५० रुपयांच्या वर नको. वीस वर्षं टिकायला हवा. आणि माझी सगळ्यात आवडती अट ही, की दुरुस्ती-देखभालीचा वर्षाचा खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. ते लाख रुपये शेवटी कोणालाच मिळाले नाहीत. पण अटी बघा! यंत्र विकत घेताना फक्त किंमत विचारायची नसते, ते पोसायला किती लागतं हेही विचारायचं असतं, हे त्यात आलंच. (पुढे १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, तेव्हा ही यादी आपल्याच गावची म्हणायला हरकत नाही!)

चला, हीच ५ टक्क्यांची पट्टी ई-सायकलला लावू. वही-पेन्सिल घ्या.

बॅटरीवर दोन आकडे छापलेले असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. त्यांचा गुणाकार करा. ३६ गुणिले साडेसात म्हणजे २७० वॉट-अवर. ही झाली बॅटरीची 'टाकी'. पायडल न मारता नुसतं बसून गेलात तर एका किलोमीटरला साधारण १२ वॉट-अवर लागतात. २७० भागिले १२, म्हणजे २२ किलोमीटर. जाहिरातीत ३५ लिहिलेले असतील. तो आकडा खोटा असतो असं नाही, पण तो हलक्या स्वाराचा, सपाट रस्त्याचा आणि पायडल मारणाऱ्याचा असतो. पाठीवर दप्तर आणि समोरून वारा असला की गणित बदलतं.

आपल्याला रोज १६ हवेत. २२ मध्ये भागलं. आता दुकानात दोन-तीन हजारांनी स्वस्त म्हणून ५ अँपिअर-अवरची बॅटरी दाखवतील. ३६ गुणिले ५ म्हणजे १८०, भागिले १२ म्हणजे १५. घर एक किलोमीटरवर असताना सायकल म्हणणार, "आता तूच मार पायडल!"

विजेचं काय? १६ किलोमीटरला चार्जरची गळती धरून पाव युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी रोजचे अडीच रुपये. वर्षात २२० दिवस कॉलेज असेल तर ५५० रुपये. स्कूटरला एवढ्याच अंतराला पेट्रोलचे पस्तीस-छत्तीस रुपये रोज लागतात. वा! पण खरी मेख पुढेच आहे. लिथियम बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण भरता येते. नंतर ती मरत नाही, पण तिला धाप लागते; २२ चे १७ होतात. आपल्या वापरात हे तीनेक वर्षांत होईल. नव्या बॅटरीला दहा हजारांच्या आसपास धरून चाला. म्हणजे वर्षाला ३,३०० रुपये, विजेच्या सहापट! तीस हजारांचे ५ टक्के होतात दीड हजार. चरख्याच्या परीक्षेत आपली ई-सायकल सपशेल नापास. तरीही ती पेट्रोलपेक्षा निम्म्याने स्वस्त पडते, हे खरं. फक्त महिन्याला तीनशे रुपये बॅटरीच्या नावाने डब्यात टाकायला हवेत. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मुलींनो, खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. बसची वेळ जुळत असेल तर तीस हजार वाचलेच की!

लेड-अ‍ॅसिड बॅटरीवाली आणखी स्वस्त मिळते. तिचं वजन उचलून बघा, मग बोलू.

आता आई-बाबांसाठी. मोटर २५० वॉटपर्यंतची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंत असेल, तरच लायसन्स आणि नंबर प्लेट लागत नाही. काही ठिकाणी "वायर काढून देतो, चाळीसने पळेल" असं हळूच सांगतात. वायर काढली की ती कायद्याने मोटारगाडी झाली. अठराच्या आतल्या मुलाने तशी गाडी चालवली तर २०१९ पासून पालकांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आपल्या हवेचंही बघायला हवं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लिथियमला उष्णता अजिबात सोसत नाही. म्हणून काढून घरात नेता येईल अशीच बॅटरी घ्या. उन्हातून आल्या-आल्या चार्जिंगला लावू नका, गार होऊ द्या. रात्रभर उशाशी तर कधीच नको. पावसाळ्यात आपली काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरत नाही, म्हणून टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर तरी फट असलेली सायकल बघा. चिखल ओल्या फडक्याने पुसा. पाइपने जोरात पाणी मारलंत तर ते मोटरमध्ये शिरेल.

दुकानात गेलात की तीन प्रश्न विचारा. हीच बॅटरी तीन वर्षांनी मिळेल का आणि आज तिची किंमत काय? वॉरंटी बॅटरीवर किती आणि मोटरवर किती? मोटर बिघडली तर दुरुस्ती वर्ध्यात होते की नागपूरला पाठवावी लागते? उत्तरं बिलाच्या मागे लिहून घ्या. मग दप्तरात पुस्तकं भरा, बॅटरी बंद करा आणि त्याच सायकलीवर दुकानापासून एक किलोमीटर पायडल मारून या. वीस-बावीस किलोचं ते धूड बॅटरीशिवाय ओढवतं का, ते दुकानदाराला नाही, तुमच्या पोटऱ्यांना विचारा!